गाव महापालिकेत गेले की बौद्धवाड्याचे काय होते?

शहाड ते 27 गावे : हद्दवाढीचा इतिहास, कायदा आणि आपली जबाबदारी

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन शहाड. एका अंगाला उल्हासनगर महापालिका, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका. उल्हास नदीच्या कडेने पुढे गेलो की वडवली, अटाळी, मोहने, गाळेगाव, आंबिवली. ही सगळी मुळात गावांची नावे. आज ती महापालिकेच्या प्रभागांची नावे आहेत. प्रत्येक ठिकाणी जुने गावठाण आहे, गावठाणाच्या कडेला बौद्धवाडा आहे, आणि त्याच्याभोवती आता चाळी आणि टॉवर आहेत.

या भागातल्या वस्त्यांत काम करताना आम्हाला एक प्रश्न सारखा ऐकू येतो : "गाव महापालिकेत गेलं, त्यात आपलं काय झालं?" ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ग्रामपंचायत होती तेव्हा निदान सरपंचाच्या दारात जाऊन भांडता येत होते. तरुण म्हणतात, गावकीच्या जाचातून सुटलो हेच पुष्कळ. दोघांचेही म्हणणे अनुभवातून आले आहे. पण गाव महापालिकेत जाते म्हणजे नेमके काय होते, कोणते हक्क संपतात, कोणते नव्याने मिळतात आणि निर्णय कोण घेतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतलेले नाही, असे आमचे निरीक्षण आहे. या लेखात तेच मांडायचे आहे.

आधी घडले काय ते पाहू

1 ऑक्टोबर 1983 रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ ही शहरे आणि भोवतालची गावे एका प्रशासनाखाली आणली गेली. पुढे 1992 मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर वेगळे झाले. महापालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती थेट 1995 मध्ये. म्हणजे गावांच्या ग्रामपंचायती 1983 ला गेल्या आणि निवडून दिलेला नगरसेवक मिळायला बारा वर्षे लागली. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता.

2002 मध्ये डोंबिवली आणि कल्याणच्या पूर्व व दक्षिण बाजूची 27 गावे महापालिकेतून बाहेर पडली. कर वाढले, सोयी आल्या नाहीत, ही तिथल्या लोकांची मुख्य तक्रार होती. पुन्हा ग्रामपंचायती आल्या. पण शहर काही थांबले नव्हते. 2006 मध्ये या गावांच्या नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे गेले. पाणी एमआयडीसीचे, नियोजन एमएमआरडीएचे, दिवाबत्ती आणि कचरा ग्रामपंचायतीचा, अशी तीन तोंडांची व्यवस्था तयार झाली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या कितीतरी परवानगीविना.

1 जून 2015 रोजी ही 27 गावे पुन्हा महापालिकेत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती वगळण्याची प्राथमिक अधिसूचनाही निघाली. तरीही नोव्हेंबर 2015 ची निवडणूक गावांसह 122 प्रभागांत झाली. मग जून 2020 मध्ये राज्य सरकारने 27 पैकी 18 गावे वगळून 'कल्याण उपनगर' नावाची वेगळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना काढली. घेसर, हेदुटणे, उंब्रोली, भाल, द्वारली, माणेरे, वसार, आशेळे, दावडी, पिसवली, गोळवली, निळजे, सोनारपाडा, कोळे ही त्यातली काही गावे. आजदे, सागाव, भोपर, संदप, काटई, उसरघर अशी नऊ गावे महापालिकेतच राहणार होती. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि 18 गावे महापालिकेतच राहिली.

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर पुन्हा प्रशासक आला. पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. 1983 ते 1995 आणि 2020 ते 2026 या दोन कालखंडांची बेरीज केली तर सतरा वर्षे होतात. या सतरा वर्षांत ग्रामपंचायतही नव्हती आणि नगरसेवकही नव्हता. 27 गावांच्या आणि शहाड-मोहने पट्ट्याच्या अनुभवात फरक असेल, पण ही सतरा वर्षे दोघांच्याही वाट्याला आली आहेत. ज्याची ओळख आयुक्तांच्या केबिनपर्यंत आहे, त्याचे या काळात अडले नाही. बौद्धवाड्याचे मात्र अडले.

हे केवळ कल्याणपुरते नाही. नवी मुंबईतून 2007 मध्ये बाहेर पडलेली दहिसर-पिंपरी परिसरातील 14 गावे पुन्हा त्या महापालिकेत घेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये जाहीर केला. गावे आत-बाहेर करण्याचा हा खेळ ठाणे जिल्ह्याला नवा नाही.

निर्णय कोण घेतो?

घटनेच्या 243-क्यू या अनुच्छेदात नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका असे तीन प्रकार सांगितले आहेत. कोणते क्षेत्र कशात बसते हे ठरवताना लोकसंख्या, घनता, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण अशा गोष्टी पाहायच्या असतात. ठरवायचे राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारने. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 नुसार हद्द वाढवताना किंवा कमी करताना सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करायचा असतो आणि प्राथमिक अधिसूचना काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या असतात.

2020 ची अधिसूचना उच्च न्यायालयात टिकली नाही ती याच मुद्द्यावर. 18 गावे वगळताना महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय झाला नव्हता. न्यायालयाने गावे शहरात असावीत की नसावीत यावर कौल दिला नाही. प्रक्रिया पाळली गेली का, एवढेच तपासले. आपल्या कार्यकर्त्यांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मोर्चाची ताकद मोठी असते, पण सरकारी अधिसूचना पडली ती कलम आणि पोटकलम हातात धरल्यामुळे.

या कायद्यात गावातल्या लोकांनी मतदान करून 'आम्हाला जायचे आहे' किंवा 'नाही' असे सांगण्याची सोय कुठेही नाही. ग्रामसभेने ठराव केला तरी तो सरकारवर बंधनकारक नसतो. तुमच्या हाती असते ती लेखी हरकत, आणि तीही ठरावीक मुदतीत.

स्वित्झर्लंडमध्ये कसे होते?

गावे एकत्र करून एक पालिका करण्याचे काम तिथेही गेली पंचवीस वर्षे जोरात चालू आहे. 2000 साली त्या देशात सुमारे 2,900 स्थानिक पालिका होत्या, आता 2,100 च्या थोड्या वर आहेत. लहान गावांना कारभार परवडत नाही, पदांसाठी माणसे मिळत नाहीत, ही त्यामागची कारणे. न्यूशातेल प्रांतातल्या व्हाल-द-त्राव्हेर नावाच्या ग्रामीण खोऱ्यात 2009 मध्ये नऊ गावांची मिळून एक पालिका झाली. त्या खोऱ्यात गावे अकरा होती. प्रत्येक गावात मतदान झाले. दोन गावांनी नकार दिला. ती दोन गावे आजही वेगळी आहेत. त्यांना कोणी ओढून आत घेतले नाही.

सगळीकडे असेच होते असे नाही. ग्लारुस प्रांतात 2006 मध्ये मतदारांच्या खुल्या सभेने 25 पालिकांच्या तीन करण्याचा निर्णय घेतला आणि 2011 पासून तो अमलात आला. तिथे प्रत्येक गावाचा वेगळा कौल न घेता पूर्ण प्रांताचा कौल लागू झाला. पण तोही लोकांनीच दिलेला कौल होता.

हे वाचून 'आपल्याकडेही गावागावात मतदान घ्या' असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तसे थेट म्हणणार नाही. कारण त्याच स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो 1971 मध्ये. आपेन्झेल इनरऱ्होडन या प्रांतात तर पुरुषांच्या खुल्या सभेने तो वारंवार नाकारला आणि शेवटी 1990 मध्ये न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. गावाला विचारले म्हणजे गावातल्या सगळ्यांना विचारले असे होत नाही. बहुसंख्याकांचे मत म्हणजे 'गावाचे मत', हे समीकरण आपण पिढ्यान्पिढ्या भोगले आहे.

बाबासाहेबांचा इशारा आणि आजचा प्रश्न

1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्यावर कडाडून टीका केली होती. अस्पृश्यांना हक्काचे प्रतिनिधित्व नसेल तर गावाच्या हाती अधिकार देणे म्हणजे त्यांना बहुसंख्याकांच्या दयेवर सोडणे, हा त्यांचा मुद्दा होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट उत्तर दिले आणि घटनेचा पाया गाव नव्हे तर व्यक्ती आहे हे सांगितले. 1942 च्या नागपूर परिषदेत तर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती.

म्हणून 'आमचे गाव आम्हाला परत द्या' ही घोषणा ऐकली की बौद्ध कार्यकर्त्याने क्षणभर थांबायला हवे. ते गाव कोणाचे होते? पाणवठा, स्मशान, जत्रा, देवस्थानची जमीन यांवर कोणाचा ताबा होता? शहरात आल्याने नळाचे पाणी सरपंचाच्या मर्जीवर राहत नाही, मुलाला पालिकेच्या शाळेत आणि कारखान्यात आडनावापलीकडची ओळख मिळते, ही गोष्ट खरी आहे. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याची एनआरसी या कारखान्यांमुळे आपल्या अनेक कुटुंबांना बलुत्याबाहेरचा पगार मिळाला. एनआरसी 2009 मध्ये बंद पडली तेव्हा काय गमावले हेही त्याच कुटुंबांना ठाऊक आहे.

पण शहरात आलो म्हणजे आपोआप मुक्त झालो, हेही खरे नाही. बौद्धवाडा गावाच्या कडेला होता, तो आता प्रभागाच्या कडेला आहे. गटार तिथेच तुंबते आणि कचराकुंडी तिथेच ठेवली जाते. त्यामुळे गाव की शहर या वादात एक बाजू घेण्यापेक्षा आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. हद्द बदलताना आपल्या वस्तीचा कोणता हक्क कागदावरून गळतो आणि तो कसा वाचवायचा, हा तो प्रश्न.

प्रत्यक्षात काय बदलते?

ग्रामसभा संपते. ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. ती कितीही कागदावर चालत असली तरी उभे राहून प्रश्न विचारण्याचा तो हक्क आहे. महापालिकेच्या सभेत सामान्य मतदाराला बोलता येत नाही. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. आपल्या प्रभागात ती कधी भरली, हे प्रत्येक वाचकाने प्रभाग कार्यालयात एकदा लेखी विचारावे.

निधीचे मार्ग बदलतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नाचे 20 टक्के समाजकल्याणासाठी ठेवावे लागतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची ग्रामीण योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. गाव महापालिकेत गेले की ही तिन्ही दारे बंद होतात. त्याऐवजी लोकशाहीर अण्णा भाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकातील मागास घटकांसाठीची लेखाशीर्षे ही दारे उघडतात. जुने दार आपोआप बंद होते, नवे मात्र ठोठावावे लागते. आपली वस्ती नागरी योजनेच्या यादीत आहे की नाही हे पाहणारे कोणी नसेल तर मधली कित्येक वर्षे कोणताच निधी येत नाही.

घरकुलाचा विभाग बदलतो. रमाई आवास योजना ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत आहे. पण अर्ज करायची कचेरी, अनुदानाची रक्कम, उत्पन्नाची अट आणि कागदपत्रे वेगळी. ग्रामीण यादीत नाव असलेले आणि घर न झालेले कुटुंब हद्दबदलानंतर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करते. शहरी भागात जागेच्या मालकीचा पुरावा हा मोठा अडसर ठरतो, कारण गावठाणातल्या कित्येक घरांची नोंद फक्त ग्रामपंचायतीच्या कर आकारणी वहीत असते.

रोजगार हमी जाते. तिचा हक्क ग्रामीण भागापुरता आहे. शेतमजुरी संपत आलेल्या पट्ट्यात याचा फटका कमी वाटेल, पण हेदुटणे-घेसरसारख्या डोंगराकडच्या गावांत आणि आदिवासी पाड्यांत तो जाणवतो.

कर वाढतो. कायद्यात सवलत आहे. नव्याने आलेल्या भागाला पहिल्याच दिवशी शहराचा पूर्ण दर न लावता जुन्या दरावरून टप्प्याटप्प्याने वाढ करायची असते. आपल्या बिलात ती पाळली आहे का, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक घरमालकाला आहे.

कामगारांचे स्थान डळमळते. ग्रामपंचायतीचे सफाई कामगार आणि पाणी सोडणारे कर्मचारी यांना महापालिकेत सामावून घेताना पद, वेतन आणि सेवाज्येष्ठता यांचे प्रश्न येतात. सफाईच्या कामात आपली माणसे किती आहेत हे सांगायला नको. त्यांचा प्रश्न हा समाजाचा प्रश्न म्हणून पुढे यायला हवा.

एक गोष्ट मात्र बदलत नाही, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. महसुली गाव तसेच राहते. तलाठी, तहसील, सातबारा चालूच राहतात. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधताना लागणारी गावातली जुनी जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक, ही महसूल खात्याकडची गोष्ट आहे. 'गाव शहरात गेले, आता नोंद मिळणार नाही' असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

विहार, स्मशान आणि वतनाची जमीन

हद्दवाढीचा सगळ्यात खोल परिणाम जमिनीवर होतो. ग्रामपंचायत विसर्जित झाली की तिची मालमत्ता, देणी आणि दप्तर नव्या संस्थेकडे जाते. आपले अनेक बुद्धविहार, समाजमंदिरे आणि अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या ठरावाने मिळालेल्या जागेवर उभ्या आहेत. ठराव झाला, भूमिपूजन झाले, लोकवर्गणीतून बांधकाम झाले, पण ठरावाची प्रत कोणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी मंडळाच्या जुन्या अध्यक्षाच्या ट्रंकेत, किंवा कुठेच नाही. नव्या संस्थेच्या दृष्टीने कागद नसलेला विहार म्हणजे अनधिकृत बांधकाम.

त्यानंतर येतो विकास आराखडा. त्यात प्रत्येक भूखंडाचा वापर ठरतो : रस्ता, उद्यान, शाळा, वाहनतळ. आपला विहार किंवा बौद्धवाड्याची स्मशानभूमी आराखड्यात आहे तशी दाखवली नसेल तर उद्या तिच्यावरून रस्त्याची रेघ जाऊ शकते. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकतीसाठी मुदत असते. ती संपली की पुढची लढाई फार अवघड.

तिसरी गोष्ट महार वतनाची. या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्येच विधेयक आणले होते. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. अशी जमीन बिगरशेती वापरासाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बाजारभावाच्या प्रमाणात नजराणा लागतो. गाव शहरात येणार अशी कुणकुण लागली की या जमिनींचे भाव चढतात आणि सगळ्यात आधी दारात येतो तो दलाल. मुखत्यारपत्र, साठेखत, थोडी आगाऊ रक्कम, आणि कागदावर दहा वारसांपैकी तिघांच्याच सह्या. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण राज्यभर गाजले. अशी लहान प्रकरणे प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला घडत असतात, फक्त त्यांची बातमी होत नाही.

प्रतिनिधित्वाचे गणित

ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य असतात. समजा, तीन हजार वस्तीच्या गावात साठ घरांचा, म्हणजे तीनशे माणसांचा बौद्धवाडा आहे. गावाच्या दहा टक्के. एका वॉर्डात तर तो तिसरा हिस्साही असू शकतो. राखीव जागेवर त्याच वाड्यातली बाई सदस्य होते, फिरत्या आरक्षणाने कधी सरपंचही होते. तिच्यावर दबाव येतो, तिला सही करायला लावतात, हे सगळे खरे. तरी ती तिथे असते.

आता हाच वाडा महापालिकेत घ्या. कल्याण-डोंबिवलीत 122 नगरसेवक आणि 2011 च्या जनगणनेनुसार 27 गावांसह सुमारे 15 लाख लोकसंख्या. म्हणजे एका नगरसेवकामागे बारा हजारांहून अधिक माणसे. चार सदस्यांचा प्रभाग केला की मतदारसंघ जवळपास पन्नास हजारांचा होतो. त्यात तीनशे माणसांचा वाडा म्हणजे शंभरात एकही नाही. अनुसूचित जातीची जागा राखीव झाली तरी उमेदवार पक्षाच्या पॅनलवर, पक्षाच्या पैशावर आणि पन्नास हजारांच्या मतांवर निवडून येतो. तो वाड्याला उत्तरदायी राहीलच असे नाही.

यावर उपाय एकच : एकेकट्या वाड्याने राजकारण करण्याचे दिवस संपले हे ओळखायचे. शहाड, वडवली, अटाळी, मोहने, आंबिवली येथील बौद्ध वस्त्या एका प्रभागाच्या नकाशावर एकत्र मोजल्या तर त्यांचे वजन वेगळे दिसते. गावनिहाय मंडळे राहू देत, पण पाणी, निधी आणि आराखडा यांसाठी प्रभागनिहाय समिती हवी.

आणि मोजणीवरच सगळे अवलंबून आहे. घटनेच्या 243-टी अनुच्छेदानुसार पालिकांतील राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातीत झाला. 2027 च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा 31 डिसेंबर 2025 अखेर गोठवल्या आहेत आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातींच्या यादीतील नाव, अशी नोंद झाली नाही तर आपली माणसे अनुसूचित जातीच्या आकड्यात धरली जाण्याची खात्री राहत नाही. धम्म स्वीकारल्यावर जातीचे नाव का लिहायचे, असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : धर्माचा रकाना आपली ओळख सांगतो, जातीचा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब सांगतो. हा हिशेब पूर्ण होईपर्यंत दोन्ही रकाने भरावे लागतील.

आता करायचे काय?

जनगणना संपेपर्यंत सीमा बदलणार नाहीत. त्यानंतर गावे आत-बाहेर करण्याच्या मागण्या पुन्हा सुरू होतील. मधला वेळ तयारीचा आहे. आमच्या सूचना अशा :

1. प्रत्येक विहाराची एक फाईल करा. ग्रामपंचायतीचा ठराव, कर आकारणीचा उतारा, सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा, वीजबिल, बांधकामाच्या पावत्या, जुने फोटो. ठरावाची प्रत नसेल तर माहिती अधिकारात मागा.

2. प्रभाग कार्यालयाकडून लेखी घ्या : आपली वस्ती नागरी वस्ती सुधार योजनेच्या यादीत आहे का, गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला.

3. ग्रामीण घरकुल यादीतून गळालेल्या कुटुंबांची यादी करा आणि शहरी रमाई योजनेत एकत्र अर्ज भरा. एकेकट्याने गेलेला माणूस तिसऱ्या फेरीला कंटाळतो.

4. वतनाच्या जमिनीचे सगळे वारस, बहिणींसह, एका कागदावर आणा. परवानगीविना कोणत्याही साठेखतावर किंवा मुखत्यारपत्रावर सही नको.

5. विकास आराखड्याचा नकाशा विहारात लावा. आपली स्मशानभूमी आणि विहार त्यात कुठे आहेत ते लाल पेनाने दाखवा.

6. पुढची प्राथमिक अधिसूचना निघेल तेव्हा बौद्ध वस्त्यांची स्वतंत्र हरकत मुदतीत दाखल करा. 'सर्वपक्षीय' निवेदनात आपली सही असते, पण आपला मुद्दा नसतो.

7. जनगणनेच्या आधी प्रत्येक घरी जाऊन नोंदीबद्दल समजावून सांगा. हे काम भाषणाने होत नाही, दारोदार फिरूनच होते.

यातले एकही काम मोठ्या पैशाचे नाही. दोन पदवीधर मुले, एक वकील मित्र आणि रविवारच्या वंदनेनंतरचा एक तास एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. महिला मंडळे यात सगळ्यात पुढे राहतील असा आमचा अनुभव आहे, कारण नळ, रेशन आणि दाखले यांसाठी कचेरीत जास्त खेपा त्यांनीच घातलेल्या असतात.

27 गावांचा पुढचा निर्णय काहीही लागो, शहाड-मोहन्याच्या प्रभागरचनेत पुढे काहीही बदल होवो, कोणत्याही फाईलमध्ये बौद्धवाड्याचा कागद आधीपासून असायला हवा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले. हद्दवाढीच्या बाबतीत त्याचा अर्थ कायदा वाचणे, प्रभागभर एकत्र येणे आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवणे असा होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!